मधमाशीचा तक्ता

विज्ञान प्रदर्शनात मधमाशीवरचा तक्ता नाही, असे क्वचितच घडते. गेल्या काही वर्षांत आम्ही असे पुष्कळ तक्ते पाहिले. मांडणी साधारण ठरलेली. वर आइन्स्टाइनच्या नावाने इशारा, की मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल. मध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची हसरी माशी. खाली मधाचे औषधी गुण आणि शेवटी ‘मधमाश्या वाचवा’. मुलांची मेहनत दिसते, अक्षरही सुवाच्य असते. मजकूर मात्र आपण मोठ्यांनी पुरवलेला असतो. तेव्हा पुढील टीका मुलांवर नाही, आपल्यावरच आहे.

प्रथम ते वाक्य. आइन्स्टाइनचे निधन 1955 साली झाले. त्यांच्या लेखनात वा भाषणांत हे विधान सापडलेले नाही. 1994 साली ब्रसेल्स येथे मधपाळांनी निदर्शने केली, तेव्हा वाटलेल्या पत्रकात ते होते आणि त्यानंतर ते सर्वत्र पसरले. आइन्स्टाइन कीटकशास्त्रज्ञ नव्हते, हा मुद्दा वेगळाच. थोर नाव जोडले की पुरावा विचारायचा नाही, ही सवय विज्ञानाच्या तक्त्यावरूनच लागावी, हे आम्हांला अधिक खटकते.

शिवाय विधान चुकीचे आहे. गहू, भात, ज्वारी, बाजरी, मका यांचे परागीभवन वाऱ्याने किंवा स्वतःच्याच परागांनी होते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात 115 प्रमुख पिके तपासली गेली. त्यांपैकी 87 पिकांना कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणारे परागीभवन लागते, 28 पिकांना लागत नाही. पण वजनाच्या हिशेबात जगाचे सुमारे 60 टक्के उत्पादन या दुसऱ्या गटातून येते. म्हणजे मधमाश्या गेल्या तर भाकरी राहील. तिच्यासोबतचे कारले, भोपळा, करडई-सूर्यफुलाचे तेल, फळे यांवर संक्रांत येईल. कांद्याचे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. कांदा पोसायला माशी लागत नाही, पण कांद्याचे बी धरायला लागते. कारण एका फुलातील पराग आधी गळतात आणि कुक्षी नंतर तयार होते. दुसऱ्या फुलातले पराग कीटकांनीच आणावे लागतात. बियाण्याच्या कांद्यावर माश्या फिरकल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी रोप कशाचे टाकणार? खरी गोष्ट एवढी बोलकी असताना खोट्या भीतीची गरज काय?

आता चित्रातली माशी. ती बहुधा युरोपीय मेलिफेरा असते. आपल्या आसपासच्या माश्या निराळ्या: उंच झाडावर वा इमारतीवर एकच मोठे पोळे टांगणारी आग्या, ढोलीत समांतर पोळी बांधणारी आणि पेटीत पाळता येणारी सातेरी, झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी आणि भिंतीच्या फटीत राहणारी, डंख न मारणारी इवलीशी पोया. याखेरीज एकेकट्या राहणाऱ्या माश्या आहेत. जगात माश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुतेक मध साठवीत नाहीत. आपला काळा भुंगा यांपैकीच एक. वांग्या-टोमॅटोच्या फुलात पराग परागकोशात बंद असतात आणि टोकाच्या छिद्रातून बाहेर येतात. भुंगा फूल धरून छातीचे स्नायू थरथरवतो, तेव्हा ते भुरभुरतात. ही कला मधमाशीला येत नाही. वांग्याच्या भरताचे श्रेय तक्त्यावर भुंग्याला कधी मिळणार?

हा केवळ नावांचा प्रश्न नाही. चित्रात एकच माशी असली की उपायही एकच सुचतो: पेट्या ठेवा. मधपालन हा चांगला जोडधंदा आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाने 2022 साली ‘मधाचे गाव’ म्हणून नाव मिळवले, त्याचे कौतुकच आहे. पण कोंबड्या पाळून माळढोक वाचत नाही, तसेच पेट्यांनी भुंगा वाचत नाही. त्याला वाळके लाकूड हवे, जमिनीत घर करणाऱ्या माश्यांना न खणलेली मोकळी माती हवी आणि सर्वांनाच वर्षभर कोठे ना कोठे फुले हवीत. बांधावरची करंज, जांभूळ, शेवगा, बोर तोडून वर ‘मधमाश्या वाचवा’ लिहिणे व्यर्थ आहे.

आणि एक प्रसंग. एका शाळेत आम्ही असाच सुबक तक्ता पाहिला. बाहेर पाण्याच्या टाकीखाली काळा डाग होता. आदल्याच आठवड्यात तेथले आग्याचे पोळे टेंभ्याने जाळले होते. कोणाची चेष्टा करण्यासाठी हे सांगत नाही. आग्याचा हल्ला जिवावर बेतू शकतो आणि मुलांची जबाबदारी शिक्षकांवर असते. पण जाळणे हा एकच मार्ग नाही. फुलोरा सरला की ही वसाहत आपण होऊन स्थलांतर करते. तोवर तो भाग दोरीने बंद करावा, दगड व धूर कटाक्षाने टाळावा. रहदारीच्या जागी पोळे असेल तर जाणकार माणसाकडून ते हलवून घ्यावे. माश्या उठल्याच तर हात न झाडता, चेहरा झाकून बंद खोलीत पळावे, आणि रुतलेला काटा लगेच खरवडून काढावा. तक्त्यावर या चार ओळी का नसतात?

शेतकरी पालकांसाठी आणखी दोन ओळी हव्यात: पीक फुलात असताना शक्यतो फवारणी नको, करावीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

जागतिक मधमाशी दिन 20 मे रोजी येतो, तेव्हा आपल्या शाळांना सुटी असते. म्हणून मुहूर्ताची वाट न पाहता या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी लाल भोपळ्याचा वेल लावावा. उद्या उमलणाऱ्या काही मादी कळ्यांवर आज संध्याकाळी मलमलच्या पिशव्या बांधाव्यात, तेवढ्याच मोकळ्या ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या फुलांवर कोण कोण येते, ते मुलांनी नोंदवावे. आठवड्याने कोणती फळे धरली आणि कोणती पिवळी पडून गळाली, ते मोजावे. ते आकडे, माश्यांची मुलांनीच काढलेली चित्रे आणि गळालेले एक फळ, एवढे तक्त्यावर लावले तरी पुरे. आइन्स्टाइनच्या सहीची गरज भासणार नाही.