पाटी कोरी करून संघ उभा राहतो का?



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, आणि त्यातही सामने नाहीत, तर हंगाम संपल्यावरचे दोन महिने. खेळ थांबलेला असताना खेळावर काय बोलायचं? पण आमचं म्हणणं असं की एखादा क्लब स्वतःला काय समजतो, हे मैदानावर कळतं त्याहून जास्त या दोन महिन्यांत कळतं.

सुरुवात ओळखीच्या जागेपासून करू. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला माहीत आहे ते बॉक्सिंग डेच्या कसोटीमुळे. पहाटे पाचला उठून आपण ती बघतो. याच मैदानावर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी लाखभर माणसं फुटबॉलच्या ग्रँड फायनलला बसलेली असतात. हा खेळही मुळात क्रिकेटवाल्यांचाच बरं का. हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावू नयेत म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूनं १८५८ मध्ये फुटबॉल क्लबाची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. तर ती ग्रँड फायनल आणि ही कसोटी, यांच्या मधल्या काळात अठरा क्लब आपापली यादी नव्यानं मांडतात. त्या मांडणीबद्दल आज बोलायचं आहे.

यादी म्हणजे काय? मैदानावर एका वेळी अठरा खेळाडू असतात, पण क्लबाच्या पदरी चाळीसच्या आसपास. हंगाम संपला की काही निवृत्त होतात, काहींना क्लब नारळ देतो. ऑक्टोबरमध्ये ट्रेड, म्हणजे अदलाबदल. ठरावीक वर्षं एका क्लबात काढलेल्यांना २०१२ पासून फ्री एजंट म्हणून दुसरीकडे जाता येतं. आणि मग ड्राफ्ट, साधारण अठरा वर्षांच्या मुलांची निवड. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे, तिथे पैशाची बोली लागते. इथे बोली नाही, रांग आहे, आणि रांग उलटी आहे. जो संघ तळाला राहिला त्याला पहिली निवड. शिवाय पगारांवर मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप. १९८०च्या दशकाच्या मध्यात या दोन्ही गोष्टी आल्या. हेतू चांगला होता. श्रीमंत क्लबानं कायम जिंकू नये आणि गरीब क्लबानं कायम हरू नये.

पण यातून एक विचार जन्माला आला, आणि आमची टीका त्या विचारावर आहे. तळाला राहिलं तर चांगली मुलं मिळणार असतील, तर मध्येच लोंबकळण्यापेक्षा सरळ तळ का गाठू नये? जुने खेळाडू काढा, मुलं आणा, चार-पाच वर्षं हरा, मग जिंका. याला तिकडे ‘रीबिल्ड’ म्हणतात, आपण पुनर्बांधणी म्हणू. शब्द किती भारदस्त आहे बघा! हरणं म्हटलं की लाज वाटते, पुनर्बांधणी म्हटलं की योजना वाटते.

पहिलं उदाहरण मेलबर्न क्लबाचं. २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिली आणि दुसरी, दोन्ही निवडी त्यांच्या वाट्याला आल्या. टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह अशी दोन गुणी मुलं त्यांनी घेतली. दोनच हंगामांनंतर स्कली नव्यानं निघालेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबात गेला. ट्रेंगोव्हला २०१२ मध्ये सहकप्तान केलं, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. लीगच्या इतिहासातला सर्वांत तरुण कप्तान! बातमी कौतुकानं छापली गेली. आम्ही ती उलटी वाचतो. वीस वर्षांच्या मुलाला कप्तान करावं लागतं तेव्हा त्याच्या आधीची पिढी कुठे गेली, हा प्रश्न विचारायला हवा. ड्राफ्टच्या लोभानं २००९ मध्ये मुद्दाम हरले का, याची चौकशी झाली. २०१३ मध्ये क्लब मुद्दाम हरल्याच्या आरोपातून सुटला, पण तरीही पाच लाख डॉलर दंड भरावा लागला. म्हणजे लाज टाळता आली नाहीच.

दुसरं उदाहरण नॉर्थ मेलबर्नचं, आणि आज आमचा मुख्य मुद्दा तिथेच आहे. २०१६ चा हंगाम. नॉर्थनं पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले. नंतर घसरण झाली, तरी संघ बाद फेरीत पोहोचणार होता. आणि ऑगस्टमध्ये, हंगाम अजून चालू असताना, क्लबानं सांगितलं की चार जणांना पुढच्या वर्षाचा करार मिळणार नाही. ब्रेंट हार्वी, ड्रू पेट्री, मायकल फिरिटो आणि निक डाल सांतो. चौघांचे मिळून बाराशेहून अधिक सामने. हार्वीनं तर त्याच मोसमात लीगमधल्या सर्वाधिक सामन्यांचा विक्रम मोडला होता. ४३२ सामन्यांवर तो थांबला, म्हणजे थांबवला गेला. त्याला अजून खेळायचं होतं.

आता हिशेबानं बघितलं तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. अडतीस वर्षांचा माणूस किती दिवस खेळणार? चौघांचा पगार वाचतो, चार जागा रिकाम्या होतात, मुलांना संधी मिळते. कागदावर सगळं बरोबर आहे. पण चाळीस नावांच्या यादीत जे लिहिलेलं नसतं ते या चौघांबरोबर गेलं. पावसात चेंडू निसरडा झाला की काय करायचं, चार गोल मागे पडल्यावर कुणी बोलायचं आणि कुणी गप्प राहायचं, सोमवारी हरलेल्या तोंडानं सरावाला कसं यायचं. हे कोच फळ्यावर शिकवू शकत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून येतं.

त्यानंतर २०१८ मध्ये संघानं बारा सामने जिंकून थोडी उभारी घेतली, हे मान्य करायला हवं. पण २०२० मध्ये पुन्हा घसरण, आणि त्या वर्षाअखेरीस एकाच झटक्यात अकरा खेळाडू यादीतून कमी! पाटी पुन्हा कोरी. कोचही बदलत गेले. ब्रॅड स्कॉट गेले, मग र्‍हाइस शॉ, मग डेव्हिड नोबल, मग ॲलिस्टर क्लार्कसन. आणि निकाल? २०२१ ते २०२४ या चार हंगामांत नव्वद सामने, त्यात बारा विजय. नव्वदात बारा! मंडळी, हा आकडा नुसता टेबलातला नाही. नॉर्थ मेलबर्नच्या घरात जन्मलेलं सहा वर्षांचं पोर या काळात दहा वर्षांचं झालं. शाळेत सोमवारी त्यानं काय सांगायचं? पुनर्बांधणी करणारे ‘चार वर्षं’ असं सहज म्हणतात. ती चार वर्षं कुणाची तरी असतात.

याच काळातली जेसन हॉर्न-फ्रान्सिसची गोष्ट घ्या. २०२१ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक. दक्षिण ऑस्ट्रेलियातला, अठरा वर्षांचा मुलगा. घर सोडून मेलबर्नला आला, दोनच सामने जिंकणाऱ्या संघात एक हंगाम खेळला आणि परत ॲडलेडला, पोर्ट ॲडलेड क्लबात गेला. त्याच्यावर हट्टी म्हणून टीका झाली, प्रेक्षकांनी हुर्यो केली. आम्हाला त्या मुलाला दोष द्यावासा वाटत नाही. ड्राफ्टमध्ये मुलगा क्लब निवडत नाही, क्लब मुलाला निवडतो. ज्या घरात वडीलधारं कुणी उरलेलं नाही, त्या घराचा आधार तूच, असं अठराव्या वर्षी सांगितलं तर तो काय करील?

तिकडे निवडीच्या क्रमांकाला ‘पिक’ म्हणतात. आपल्या मराठी कानाला ‘पीक’ ऐकू येतं, आणि गंमत म्हणजे क्लबही तसंच वागतात. पेरलं की हंगामाअखेर हाती यावं. पण हे आंब्याचं रोप आहे. त्याला पाणी लागतं, आणि पहिली काही वर्षं उन्हापासून आडोसाही लागतो. तो आडोसा म्हणजे संघातली मोठी माणसं.

आता तिसरं उदाहरण, ब्रिस्बेन. यांचीही अवस्था वाईट होती. २०१३ च्या अखेरीस पाच तरुण खेळाडूंनी एकदम क्लब सोडला. मुलं निवडायची, वाढवायची आणि ती निघून जायची. २०१७ मध्ये संघ शेवटचा आला. मग त्यांनी काय केलं? मुलं घेतलीच. ह्यू मॅक्लगेज आणि जॅरड बेरी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये एकत्र घेतले. दोघंही व्हिक्टोरियातल्या एकाच ज्युनियर संघातले, म्हणजे परक्या शहरात निदान एक ओळखीचा चेहरा. २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकानं कॅम रेनर घेतला. आणि त्याच वर्षी, तळाला असताना, हॉथॉर्नमधून निवृत्त व्हायला निघालेल्या तेहतीस वर्षांच्या ल्यूक हॉजला त्यांनी ट्रेड करून आणला. हॉज म्हणजे चार विजेतेपदं जिंकलेला माणूस. त्याची गुडघे-कंबर किती वर्षं टिकणार हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त दोन हंगाम. पण त्या दोन हंगामांत बचावफळीत त्याच्या शेजारी हॅरिस अँड्र्यूजसारखी मुलं उभी होती. २०१८ मध्ये ब्रिस्बेननं पाचच सामने जिंकले. त्या वर्षाअखेर लॅकी नील आला आणि २०१९ मध्ये सोळा सामने जिंकून संघ टेबलात दुसरा. पुढे २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन विजेतेपदं, आणि अँड्र्यूज संघाचा सहकप्तान.

इथे कुणीतरी हात वर करील, आणि करायलाच हवा. ब्रिस्बेनचं नशीब जोरावर नव्हतं का? होतं. फादर-सन नावाचा नियम आहे. वडील क्लबासाठी शंभर सामने खेळलेले असतील तर मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क. मार्कस ॲशक्रॉफ्टचा मुलगा विल त्यातून आला आणि दोन्ही ग्रँड फायनलमध्ये सर्वोत्तम ठरला. शिवाय नीलसारखा खेळाडू प्रत्येकाला मिळत नाही. तेव्हा एक हॉज आणला आणि चषक मिळाला, असं सोपं गणित आम्ही मांडत नाही. दुसरा आक्षेप हॉथॉर्नचा. त्यांनी २०१६ मध्येच सॅम मिचेल आणि जॉर्डन लुईस या दिग्गजांना सोडलं, तरी क्लब बुडाला नाही. हेही खरं. जुनं ते सगळं जपा, असं आम्ही म्हणतच नाही. पण लुईस कुठे गेला ते बघा. वीस वर्षांचा कप्तान नेमून बसलेल्या त्याच मेलबर्ननं त्याला घेतलं. तीन हंगाम तो तिथे तरुणांबरोबर खेळला. २०२१ मध्ये मेलबर्ननं १९६४ नंतरचं पहिलं विजेतेपद जिंकलं. तेव्हा लुईस निवृत्त झाला होता. आणि मिचेल? तो पुढे हॉथॉर्नचाच कोच होऊन परतला. हॉथॉर्नकडे तो धागा तुटला नव्हता.

म्हणून आमचा मुद्दा वयाचा नाही, प्रमाणाचा आणि क्रमाचा आहे. माणूस काढताना त्याच्याकडचं कुणाकडे जाणार, हे आधी ठरलेलं असावं. एखादा जाणारच, पण सगळे एकदम जाऊ नयेत. पुनर्बांधणी या शब्दात एक गृहीत लपलेलं आहे, की आधी पाडावं लागतं. भाडेकरू आत राहत असलेली इमारत दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारा. तो आधी टेकू देतो, मग भिंतीला हात घालतो.

आणि हे आम्हीच म्हणतोय असं नाही. २०२४ च्या अखेरीस नॉर्थ मेलबर्ननं कुणाला आणलं? सिडनीचा ल्यूक पार्कर, बत्तीस वर्षांचा. वेस्ट कोस्टचा जॅक डार्लिंग, तोही बत्तीसचा. वेस्टर्न बुलडॉग्जचा केलेब डॅनियल. चौघांना नारळ दिल्याला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांनी क्लब बाहेरून तीच गोष्ट विकत घेत होता, जी त्यानं घरातून घालवली होती. २०२५ मध्येही संघ तळाकडेच राहिला. गेलेली गोष्ट एका ऑक्टोबरात परत येत नाही.

तेव्हा पुढच्या ऑक्टोबरमध्ये या बातम्या वाचाल तेव्हा कुणाला कितवा क्रमांक मिळाला याची गोळाबेरीज जरूर करा, त्यात मजा आहे. पण त्याबरोबर एक बघा. जो अठरा वर्षांचा मुलगा आत्ता टोपी घालून कॅमेऱ्यासमोर हसतोय, तो पहिल्यांदा सरावाला जाईल तेव्हा त्याच्या शेजारी कोण उभं असेल? त्या माणसाचं नाव यादीत सापडलं, तर तो क्लब खरंच काही बांधतोय असं समजा.

इतकं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.