एकाग्रतेचं एकक कोणतं?

नौपाड्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मित्रानं गेल्या महिन्यात 'डीप वर्क' हे इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "दहावीच्या पोरांना यातलं काय सांगू आणि काय नको, तेवढं सांग."

पुस्तक २०१६ सालचं. लेखक कॅल न्यूपोर्ट अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की मन एकाच अवघड कामात बुडवून ठेवण्याची क्षमता दुर्मीळ होत चालली आहे, म्हणून तिची किंमत वाढते आहे, आणि ती सरावानं कमावता येते. कामाच्या वेळा ठरवा, कंटाळा सोसायला शिका, समाजमाध्यमं सोडा, किरकोळ कामं कमी करा. यात वाद घालण्यासारखं फारसं काही नाही.

पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग त्यांचा स्वतःचा नाही. सोफी लरॉय यांचं २००९ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन त्यांनी सांगितलं आहे. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, की लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच रेंगाळतो आणि दुसरं काम तेवढं कच्चं होतं. आता आपलं वेळापत्रक आठवा. आरशाचं सूत्र फळ्यावर अर्धं उतरलेलं असताना घंटा होते आणि इतिहासाच्या बाई दारात उभ्या. दिवसातून सात-आठ वेळा हेच. आणि 'लक्ष कुठं आहे तुझं?' असं मुलांना विचारणारे आपणच! लरॉय यांचे प्रयोग प्रौढांवरचे होते, शाळकरी मुलांवरचे नव्हते, हे खरं. पण जोड तासिका मागायला तेवढा आधार मला पुरेसा वाटतो.

खरी अडचण पुढे आहे. न्यूपोर्ट एक सूत्र देतात : दर्जेदार काम म्हणजे लागलेला वेळ गुणिले एकाग्रतेची तीव्रता. विज्ञान शिकवणाऱ्यानं इथं थांबायला हवं. वेळ घड्याळात मोजता येतो. तीव्रता कशात मोजायची? तिचं एकक कोणतं? समजा, एक मुलगी तीन तास बसली आणि गुण कमी पडले. तर म्हणायचं, तीव्रता कमी होती. कशावरून? गुण कमी पडले त्यावरून! असं सूत्र कधीच चुकत नाही आणि म्हणूनच ते काही सांगत नाही. ओहमच्या नियमात विभवांतर बदललं तरी रोध तोच राहतो का, हे आपण प्रयोगशाळेत तपासून बघतो. इथं तपासायला जागाच ठेवलेली नाही.

मायलिनचंही तसंच. एकाग्र सरावानं चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण वाढतं आणि कौशल्य येतं, असं पुस्तक फार सहज सांगून जातं. नवीन हालचाली शिकताना उंदरांच्या मेंदूत नवं मायलिन लागतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. तिथून विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या खोलीपर्यंतची उडी मात्र लेखकाची आहे.

आणि ती उदाहरणं! सुरुवातच मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी स्वित्झर्लंडमध्ये झुरिच सरोवराकाठी बोलिंगन इथं बांधलेल्या दगडी घरापासून होते. तिथं एकांतात बसून त्यांनी लिहिलं. पण स्वतःला कोंडून घेऊनही कोरे कागद घेऊन परतलेल्यांची यादी कोण ठेवतं? यशस्वी माणसंच मोजली, तर त्यांची प्रत्येक सवय यशाचं कारण वाटू लागते.

शिवाय सरोवराकाठी घर लागतं. गोखले रोडवरच्या दोन खोल्यांत आजीची मालिका, कुकरच्या शिट्ट्या आणि खिडकीखाली रिक्षांचे हॉर्न असतात. म्हणून आपल्याकडे अभ्यासिका निघाल्या. एक खुर्ची, फळी लावून वेगळा केलेला टेबलाचा तुकडा, डोक्यावर ट्यूबलाइट, बाहेर चपलांचा ढीग. महिन्याची फी भरून मुलं तिथं शांतता विकत घेतात. माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं मी अशाच खोलीत लिहिली. घरी तीच पानं तीन आठवडे पडून होती आणि माझी इच्छाशक्ती दोन्हीकडे तीच होती. अर्थात हा नमुना एकाचाच, त्यामुळे पुरावा म्हणून तो देत नाही.

पुरावा वेगळा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेची एक बाजू उन्नत रेल्वेमार्गाला लागून होती. साधारण दर साडेचार मिनिटांनी गाडी जाई आणि बाईंना बोलणं थांबवावं लागे. अर्लाइन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली त्याच शाळेतल्या दोन्ही बाजूंच्या वर्गांची तुलना केली. रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे होती, काही इयत्तांत तर जवळजवळ एका वर्षानं. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं बसवली. १९८१ च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. मुलांना कुणी इच्छाशक्तीचे धडे दिले नव्हते.

न्यूपोर्ट यांच्या पुस्तकात अशा वर्गाला जागा नाही, कारण त्यांच्या लेखी एकाग्रता ही ज्याची त्याची कमाई आहे. ठाण्याला हे पटू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा आणि रुग्णालयांभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० डेसिबलची मर्यादा ठरवली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सविस्तर निकाल देऊन या नियमांची अंमलबजावणी करायला सांगितलं. वर्षभरातच केंद्रानं नियम बदलले. राज्य सरकारनं जाहीर केल्याशिवाय कोणताही भाग शांतता क्षेत्र धरायचा नाही, असं ठरलं. शाळा तिथंच, मुलं तीच, भोवतीचं क्षेत्र मात्र कागदावरून गेलं!

मित्राला पुस्तक खुणा करून परत दिलं. लरॉय यांचं प्रकरण वर्गात सांग, सूत्र फळ्यावर लिहून त्यातली चूक मुलांनाच शोधू दे, असं त्याला सुचवलं. तो म्हणाला, त्याआधी नववीच्या मुलांकडून रस्त्याकडच्या आणि मैदानाकडच्या वर्गांतले डेसिबल आठवडाभर मोजून घेणार आहे. तक्ता मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचा, आणि सोबत जोड तासिकेचा अर्ज.