प्रवासवर्णनातली विहीर

दरवर्षी दिवाळीच्या आधी दोन-तीन प्रवासवर्णनांची हस्तलिखिते माझ्या टेबलावर येऊन पडतात. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतले अधिकारी, मुलाकडे परदेशी जाऊन आलेले. ‘सर, छापायला देण्यापूर्वी जरा नजर टाका,’ असे सांगून वही ठेवून जातात. मी ती मनापासून वाचतो. मनोऱ्यांची उंची, धबधब्याची रुंदी, विमानातले जेवण, तिथली स्वच्छता आणि आपल्याकडची अस्वच्छता. वही मिटली की मनात काही उरत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे.

उत्तर शोधताना मी नेहमी विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या ‘माझा प्रवास’कडे जातो. १८५७ साली हे कोकणातले भिक्षुक चार पैसे मिळतील या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांचे हे लेखन चिंतामणराव वैद्यांनी आपला हात फिरवून १९०७ मध्ये छापले आणि मूळ स्वरूपात ते १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केले. लुटीची आणि कत्तलीची वर्णने त्यात भरपूर आहेत. पण एकदा वाचणाऱ्याला जन्मभर आठवते ती एक विहीर. झाशी पडल्यानंतर, काल्पीच्या बाजूला, पठाणी वेषातली, धुळीने माखलेली, तहानलेली राणी गोडशांना भेटते. ते तिच्यासाठी पाणी काढू लागतात. ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणते, आणि स्वतः मडक्याने पाणी काढून ओंजळीने पिते.

प्रसंग एवढाच. राज्य गेले तरी रीत गेली नाही, हे गोडसे सांगत बसत नाहीत. ते फक्त मडके, पाणी आणि ओंजळ दाखवतात. दुसरे असे की, हा लिहिणारा प्रेक्षक म्हणून उभा नाही. तोही लुटला गेलेला आहे, तोही जीव मुठीत धरून वाट तुडवतो आहे. प्रवासातला लहान क्षण मोठा होतो तो इथे, प्रवाशाचे स्वतःचे काही त्यात गुंतलेले असते तेव्हा.

मग माहिती वाईट का? मुळीच नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी दिले. नावातच लोकस्थिती आधी आणि प्रवास नंतर. तिथली राज्यव्यवस्था, शाळा, स्त्रियांच्या संस्था यांची माहिती मराठी वाचकाला दुसरीकडून मिळण्याची सोय नव्हती. ती देणे हे रमाबाईंचे कर्तव्यच होते. आज ती माहिती नातवाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये असते. तेव्हा प्रवासवर्णनाचा तो अर्धा भाग आता संपला, हे आपण मान्य केले पाहिजे.

मराठीत हे वळण मोठ्या प्रमाणावर घडवले ते पु. ल. देशपांड्यांनी. ‘अपूर्वाई’ ‘किर्लोस्कर’ मासिकातून क्रमशः आली, १९६० मध्ये पुस्तकरूप झाली. ‘पूर्वरंग’ १९६३ चे. स्थळापेक्षा माणूस आणि माणसापेक्षाही गोंधळलेला प्रवासी अधिक रंगतदार, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र एक गोष्ट भीत भीत म्हणतो. परक्या मुलखातले काहीही दिसले की त्याला आपल्या घरची उपमा द्यायची ही त्यांची लकब त्यांच्या हातात शोभली. अनुकरण करणाऱ्यांच्या हातात तिचे खापर झाले. लंडनची गर्दी पाहून दादर आठवणाऱ्याने लंडनकडे पाहिलेलेच नसते.

याहून नवा दोष म्हणजे तयार केलेला लहान क्षण. अलीकडच्या प्रत्येक वहीत एक हसरी म्हातारी असते. तिची भाषा लेखकाला येत नाही, ती पावाचा तुकडा पुढे करते, आणि ‘माणुसकीला भाषा नसते’ या वाक्यावर प्रकरण संपते. हे वाक्य मला खटकते. माणुसकीला भाषा असते. आपल्या दुभाषी मुलखात राहणाऱ्याला तरी हे वेगळे सांगायला नको.

इथे मला स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. २०१७ मध्ये आम्ही उभयता सहलीबरोबर स्वित्झर्लंडला गेलो होतो. ल्यूत्सर्नच्या रेल्वे स्थानकात मी चुकलो. इंग्रजी सुचेना, घशाला कोरड पडली. फरशी पुसणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि तमिळमध्ये काहीतरी विचारले. त्या श्रीलंकेच्या होत्या, हे पुढे कळले. त्यातला ‘ऊर’ हा एक शब्द मला कळला. कन्नडमध्येही गावाला ‘ऊरु’च म्हणतात. मी कन्नडमध्ये उत्तर दिले. थोडे शब्द, थोडे हातवारे, आणि त्यांनी मला आमच्या मंडळींपाशी आणून सोडले.

परत येऊन मी लेख लिहिला. तिथल्या लाकडी पुलाला १९९३ मध्ये लागलेली आग लिहिली, त्याची दोनशे मीटरच्या वर असलेली लांबी लिहिली. त्या बाईंबद्दल एक ओळही लिहिली नाही. मनाला सांगितले, की तमिळ बाई म्हणजे काही स्वित्झर्लंड नव्हे. खरे कारण निराळे होते. मराठी शाळेचा मी मुख्याध्यापक. इथे भाषेसाठी भांडलेली माणसे माझा लेख वाचणार. आणि परमुलखात वेळेला धावून आली ती कन्नड. ते लिहायला मला संकोच वाटला. लेख छापून आला, चार जणांनी कौतुक केले. तो आज मलाच वाचवत नाही.

काका कालेलकर १९०८ मध्ये बेळगावच्या गणेश विद्यालयात शिकवत होते. पुढे हिमालयातल्या पायी प्रवासावर त्यांनी गुजरातीत लिहिले, आणि गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. त्यांचे मराठीपण त्याने कमी झाले नाही. मराठीसाठी भांडावे, जरूर भांडावे. पण ज्या विहिरीचे पाणी प्यालो तिचे नाव लपवू नये.

म्हणून या वर्षी आलेल्या वह्यांच्या समासात मी एकच प्रश्न लिहून परत पाठवला: ‘या प्रवासात तुम्ही कुणाचे देणे लागता?’ दोघांनी वह्या परत आणून दिलेल्या नाहीत, बहुधा रागावले असावेत. तिसऱ्या बाईंनी आठवड्याने नवी चार पाने आणून दिली. त्यांत एकाही मनोऱ्याची उंची नव्हती. ती वाचून मी माझी जुनी वही काढली आहे.