चौकट, प्रकाश आणि नकळत टिपलेला माणूस

रस्त्यावरील छायाचित्रणाच्या विचारात ‘चौकट’ या संकल्पनेला जे जवळजवळ धार्मिक पावित्र्य लाभले, त्याचे श्रेय बहुतांशी आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराकडे जाते. शटर दाबतानाच रचना पूर्ण झालेली असली पाहिजे, नंतर डार्करूममध्ये कडा कातरून ती सुधारता येत नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याच्या चित्रांच्या प्रतींभोवती पुष्कळदा दिसणारी बारीक काळी रेघ ही या भूमिकेची मुद्रा होय. निगेटिव्हवरील प्रतिमेबाहेरची पारदर्शक कड कागदावर काळी उमटते. ती चारी बाजूंनी दिसते, याचा अर्थ प्रतिमेतील काहीही वगळलेले नाही. हस्तलिखिताखाली लेखकाने केलेल्या सहीसारखे या रेघेचे कार्य आहे. (आज संगणकावर कोणत्याही कातरलेल्या चित्राभोवती अशी रेघ ओढता येते, हा भाग वेगळा.)

तथापि, या भूमिकेचे आद्य उदाहरण म्हणून जे चित्र हटकून पुढे केले जाते, ते पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागे १९३२ साली घेतलेले चित्र, स्वतः कातरलेले आहे. साचलेल्या पाण्यात आडव्या पडलेल्या शिडीवरून एका माणसाने उडी घेतली आहे. त्याची टाच पाण्याला टेकण्याच्या बेतात आहे. मागच्या भिंतीवरील जाहिरातीत एक नर्तकाकृती त्याच पवित्र्यात झेपावते आहे. कार्तिए-ब्रेसाँने हे चित्र कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून घेतले. फट भिंगाला पुरेशी नसल्याने डाव्या बाजूला फळीचा काळा पट्टा आला आणि तो पुढे कापावा लागला. आपल्या कातरलेल्या मोजक्या चित्रांपैकी हे एक, असे त्याने मान्यही केले होते. या अपवादामुळे नियम ढासळतो असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. मात्र कापले गेले ते काय, हे पाहणे महत्त्वाचे आहे. कापली गेली ती फळी, म्हणजे पाहणारा लपून पाहत होता याचा चित्रातील एकमेव पुरावा. फळी गेल्यावर चित्र कुणीतरी फटीतून चोरून पाहिलेले राहत नाही. ते आपोआप, सर्वांसमोर घडलेले वाटू लागते.

त्याच्या १९५२ सालच्या ग्रंथाच्या दोन नावांतही हेच घडले आहे. मूळ फ्रेंच नाव आहे ‘इमाज आ ला सोव्हेत’. ‘आ ला सोव्हेत’ म्हणजे घाईघाईने, चोरटेपणाने. परवाना नसलेला फेरीवाला एक डोळा पोलिसावर ठेवून माल विकतो, तसे. इंग्रजी आवृत्तीने कार्डिनल द रेत्झच्या वचनातून ‘निर्णायक क्षण’ उचलला, आणि जगभरच्या समीक्षेत, मराठीतही, तोच रूढ झाला. फेरीवाल्याच्या जागी तत्त्वज्ञ आला. कॅन्डिड छायाचित्रणाच्या मुळाशी असलेला, समोरच्याच्या संमतीविना त्याची प्रतिमा घेण्याचा प्रश्न या नामांतरात दृष्टिआड झाला.

मराठीत फोटो ‘काढला’ जातो. चित्र काढतात, विहिरीतून पाणी काढतात, आणि नको असलेल्याला यादीतून काढतात. क्रॉपिंगची क्रिया या तिन्ही अर्थांच्या सांध्यावर उभी आहे. साहित्यविचाराच्या परिभाषेत ती संपादनाची, म्हणजे संहितेच्या सीमा ठरवण्याची क्रिया ठरते. पण एक भेद विसरता येत नाही. कादंबरीच्या खर्ड्यातून वगळलेले पात्र लेखकाचेच असते, तर निगेटिव्हवरून कापलेला माणूस रस्त्यावर खरोखर चालत होता. रोलाँ बार्थने ‘ला शाँब्र क्लेअर’ (१९८०) या ग्रंथात ‘पंक्टम’ची, पाहणाऱ्याला टोचणाऱ्या तपशिलाची, जी कल्पना मांडली, तिचा एक उपसिद्धान्त येथे उपयोगी पडतो. हा तपशील छायाचित्रकाराने हेतुतः ठेवलेला नसतो. मुख्य वस्तूबरोबर तोही चित्रात येणे त्याला टाळता आलेले नसते. तसे असेल तर कातरणारा हात नेमका त्याच जागेवर चालतो जिथे पंक्टम संभवतो, म्हणजे कर्त्याला अनावश्यक वाटणाऱ्या कडेवर.

वॉकर इव्हान्सच्या भुयारी रेल्वेतील चित्रांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या गाड्यांत इव्हान्स कोटाखाली कॅमेरा लपवून, बाहीतून घेतलेल्या तारेने शटर दाबत समोरच्या बाकावरील प्रवाशांची चित्रे घेत असे. कॅमेऱ्यातून पाहण्याची सोय नव्हती, म्हणजे कार्तिए-ब्रेसाँला अभिप्रेत असलेली चौकटच नव्हती. इव्हान्सची चौकट नंतर कातरून सिद्ध झाली. त्याच्या बाबतीत कातरणे हेच पाहणे होते. ती चित्रे ‘मेनी आर कॉल्ड’ या नावाने पुस्तकरूपात आली ती थेट १९६६ साली. जेम्स एजीने तिच्यासाठी लिहिलेली प्रस्तावना १९४० सालची आहे. पाव शतकाच्या या विलंबात त्या अनभिज्ञ चेहऱ्यांविषयीचा संकोच वाचता येतो. काळी रेघ मिरवणाऱ्या चित्रापेक्षा इव्हान्सचे कातरलेले चित्र कमी प्रामाणिक आहे, असे म्हणवत नाही. आपण चोरून पाहत आहोत, हे ते कुठेच लपवत नाही.

चौकटीविषयी इतके लिहिले गेले असताना एक्स्पोजरविषयी समीक्षा जवळजवळ मूक आहे. फिल्मवर किती प्रकाश किती वेळ पडू द्यायचा, हा ‘तांत्रिक’ प्रश्न मानून तो हस्तपुस्तिकांकडे सोपवला गेला. यामागे एक जुनी उतरंड आहे. चौकट ही कर्त्याची दृष्टी, तर छटा ही कारागिराची कामगिरी. कार्तिए-ब्रेसाँ कडा कापू देत नसे; प्रती मात्र तो स्वतः न काढता पॅरिसमधील पिएर गासमानच्या प्रयोगशाळेकडे सोपवीत असे. आशय लेखकाचा आणि अक्षरजुळणी छापखान्याची, अशीच ही विभागणी आहे. ती कॅन्डिड चित्राला लागू पडत नाही, कारण रस्त्यावरच्या कोणत्या माणसाला माणूस म्हणून उमटू द्यायचे याचा निर्णय चौकटीइतकाच एक्स्पोजरही घेत असते.

याचा पुरावा छायाचित्रणाच्या आरंभीच मिळतो. लुई दागेरने १८३८ साली पॅरिसच्या बुलव्हार द्यू ताँप्लचे चित्र घेतले तेव्हा एक्स्पोजर काही मिनिटांचे होते. वाहता रस्ता त्यात पार पुसला गेला. उरला तो एका जागी पाय टेकून उभा राहिलेला, बूट पुसून घेणारा माणूस. पुसणाराही आहे, पण अस्पष्ट. ज्याला निवांत उभे राहता आले तो दिसतो, आणि ज्याचे हात चालू होते तो धूसर होतो. हा निर्णय दागेरने घेतला असे म्हणता येत नाही. रसायनाने तो घेतला. पण पुढे जेव्हा सेकंदाचा शेकडावा भागही हाताशी आला, तेव्हा दीर्घ एक्स्पोजर ही निवड झाली. रघु राय यांचे मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरील १९९५ सालचे चित्र हे अशा निवडीचे लख्ख उदाहरण होय. वर्तमानपत्रात डोके घातलेली काही माणसे स्पष्ट आहेत आणि त्यांच्याभोवतीची गर्दी धुरासारखी वाहते आहे. शटर क्षणार्धात मिटले असते तर या चित्रात सगळेच सारखे स्पष्ट, म्हणून सगळेच सारखे अनामिक झाले असते. रस्त्याच्या छायाचित्रात ‘क्षण’ हा नेहमीच एक कालखंड असतो. साँ-लाझारचा तो उडी घेणारा माणूसही नीट पाहिल्यास किंचित पुसटच आहे.

मात्र यावरून स्थिर तो मुख्य आणि हलता तो गौण, असा कोश तयार करण्याचा मोह टाळावा. रॉबर्ट फ्रँकच्या ‘द अमेरिकन्स’मध्ये (फ्रेंच आवृत्ती १९५८, अमेरिकन १९५९) मायामी बीचवरील एका लिफ्टचे चित्र आहे. अंधूक उजेडात शटर सावकाश मिटल्याने उतारू अस्पष्ट आकृत्या झाले आहेत आणि लिफ्ट चालवणारी तरुणी वर पाहत उभी आहे. दागेरच्या चित्रात सेवा घेणारा स्पष्ट होता, येथे सेवा देणारी स्पष्ट आहे. निघून जाण्याची मोकळीक ज्यांना आहे ते विरघळतात आणि जिला नोकरीने जागेवर बांधले आहे तीच टिकते. जॅक केरुआकने प्रस्तावनेच्या शेवटाकडे नेमकी हीच मुलगी हेरावी, हे साहजिक आहे. फ्रँकच्या पुस्तकावर ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ मासिकातून त्या काळी झालेली टीका जाडसर कण, गढूळ एक्स्पोजर, कललेली क्षितिजे यांबद्दल होती. टीकाकारांना दोष अचूक दिसले होते. ते दोष चित्राचे वाक्य कसे बनले, तेवढे मात्र दिसले नाही.

चौकट आणि एक्स्पोजर हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे गृहीत फिलिप-लोर्का डिकोर्शियाच्या ‘हेड्स’ (१९९९–२००१) या मालिकेपाशी मोडते. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याने बांधकामाच्या परांचीवर फ्लॅश लावून ठेवले आणि दूरवर लांब भिंगाचा कॅमेरा उभा केला. ठरल्या जागी येणाऱ्या वाटसरूवर फ्लॅशचा झोत पडे. एक्स्पोजर त्या झोताच्या हिशोबाने ठेवलेले असल्याने मागची भरदिवसाची गर्दी काळोखात बुडून जाई. हजारो चित्रांतून त्याने सतरा निवडली. येथे प्रकाशानेच कातरले आहे. भोवतालचे पादचारी चौकटीत असूनही नाहीसे होतात, आणि उजळलेला चेहरा एखाद्या धर्मचित्रातील संतासारखा एकाकी, गंभीर भासू लागतो. ही गंभीरता त्या माणसाची नव्हे, फ्लॅशची आहे, हे प्रदर्शनातील प्रेक्षकाला उमगेलच असे नाही. चित्रित झालेल्यांपैकी एका वृद्धाने आपल्या प्रतिमेचा असा वापर धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, या कारणासाठी २००५ साली दावा लावला. पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने हे चित्र कला आहे, व्यापारी जाहिरात नव्हे, असे ठरवून तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत आहे. पण तेवढ्याने समीक्षेचे काम संपत नाही. इव्हान्सने घेतलेला प्रवासी निदान आपल्या बाकावर, आपल्या उजेडात बसलेला होता. डिकोर्शियाचा वाटसरू त्याच्या रस्त्यातून उचलून कलावंताच्या काळोखात ठेवला गेला. मालिकेचे सौंदर्य निर्विवाद आहे, आणि ते त्या माणसाचा भोवताल हिरावून घेऊनच सिद्ध झालेले आहे.

याच्या अगदी उलट टोकाला रघुबीर सिंग यांचे मुंबईवरील काम येते. ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ हे त्यांचे पुस्तक १९९४ साली, व्ही. एस. नायपॉल यांच्याशी झालेल्या संवादासह प्रसिद्ध झाले. सिंग रंगीत स्लाइड फिल्मवर, प्रामुख्याने कोडॅक्रोमवर, काम करीत. अशा फिल्ममध्ये एक्स्पोजरच्या चुकीला क्षमा नाही. प्रकाश थोडा जास्त झाला की उजळ भाग जळून जातो. उजळ भाग सांभाळावा तर सावलीतला चेहरा, विशेषतः सावळ्या वर्णाचा चेहरा, बुडतो. भर उन्हाच्या देशात ही केवळ तंत्राची अडचण नव्हे. सावलीत कोण बसते आणि उन्हात कोण राबते, याच्याशी ती जोडलेली आहे. झवेरी बाजारातील सराफी दुकानाच्या १९८९ सालच्या चित्रात सिंग दुकानाच्या आतले जग आणि बाहेरचा रस्ता एकाच चौकटीत आणतात. आतला आणि बाहेरचा प्रकाश सारखा नसतोच. आतल्या झळाळीवर बेतलेले एक्स्पोजर बाहेरच्या पादचाऱ्यांना पुसून टाकू शकले असते, बाहेरच्यावर बेतलेले दागिने पाहणाऱ्यांना. सिंग दोहोंमधला असा बिंदू शोधतात की कोणतीही बाजू पूर्ण विझत नाही. चित्राला त्यामुळे एक ठळक नायक मिळत नाही. नजर काचेच्या अल्याडपल्याड भटकत राहते. त्यांच्या चित्रांत गर्दी फार, केंद्र कमी, असा आक्षेप घेता येतो, आणि तो काही चित्रांबाबत खराही आहे. झवेरी बाजारच्या चित्रात मात्र केंद्र मिळवायचे तर काचेच्या एका बाजूच्या माणसांना काळोखात लोटावे लागले असते.