'झुंड': वाट पाहणारा मास्तर

९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांची हत्या झाली. तेव्हापासून बीडच्या तरुणांविषयी पुष्कळ बोलले गेले. त्यात उपदेश फार, समज थोडी. ती समज नागराज मंजुळे ह्यांच्या 'झुंड' (२०२२) ह्या हिंदी चित्रपटात आहे, म्हणून तो बीडकरांनी पुन्हा पाहावा.

नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांच्या कार्यावर तो बेतलेला आहे. झोपडपट्टीतल्या भांडखोर पोरांना ह्यातला मास्तर आधी उपदेश करीत नाही. पैसे देऊन खेळायला बोलावतो. पुढे पैसे थांबतात, तरी पोरे मैदानावर येतातच. चित्रपटाचे खरे शहाणपण इथे आहे: मुलगा सुधारावा असे वाटत असेल, तर आधी कुणीतरी त्याची वाट पाहावी लागते.

दोष आहे तो भाषणाचा. खेळाने जे सांगून झाले, तेच अमिताभ बच्चन पुन्हा शब्दांत सांगतात. शिवाय सारा भार एका थोर माणसावर टाकून प्रेक्षक मोकळ्या मनाने घरी जातो.

बीडला हे परवडणारे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मागे आजीपाशी राहिलेला पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी कुठे जाईल? बारसे गावोगाव मिळत नाहीत. परंतु फराळाचे एक ताट अधिक वाढणे, आणि भाऊबीज सरल्यावरही गावच्या मैदानावर रोज कुणीतरी हजर राहणे, एवढे आपल्या हातचे आहे.