ट्रिगर की चाहूल?

सकाळच्या विरार लोकलमध्ये कुणी कपाळ दाबून बसलं की शेजारचा हमखास विचारतो, "पित्त झालंय का? काही खाल्लं नाहीत ना?" ऊन, उपवास, जागरण, चॉकलेट… मायग्रेनच्या ट्रिगरची यादी सगळ्यांना पाठ असते. वसई-विरारमध्ये डोकेदुखीवर संशोधन करायचं मनात असेल, तर ही यादी प्रश्नावलीत टाकण्याआधी 'न्यूरॉलॉजी'मधला २०१३ चा होगार्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध वाचा.

या डॅनिश गटाने ऑरासह मायग्रेन असलेले २७ जण घेतले. (ऑरा म्हणजे डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमचमत्या रेषा दिसणं वगैरे.) प्रखर उजेडाने किंवा दमवणाऱ्या व्यायामाने त्रास सुरू होतो, असं हे लोक सांगत. मग त्यांना नेमकं तेच दिलं. ऑरासह अटॅक आला फक्त तिघांना, आणखी तिघांना ऑराविना.

बाकीचे खोटं बोलत होते? तसं नाही. डोकं दुखायच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवसापासून, जांभया, चिडचिड, गोड खावंसं वाटणं, उजेड नकोसा होणं सुरू झालेलं असू शकतं. चॉकलेट खाल्लं तेव्हा अटॅक कदाचित आधीच सुरू होता! पित्ताचंही तेच. मळमळ, उलटी ही मायग्रेनचीच लक्षणं आहेत, पण आपण त्यांनाच कारण समजून अँटासिड घेत राहतो आणि निदान लांबतं.

तरी निबंधावर माझा आक्षेप आहे. त्यात तपासले दोनच ट्रिगर. विरारहून चर्चगेट गाठणाऱ्या बाईच्या वाट्याला अपुरी झोप, रिकामं पोट आणि उकाडा एकाच सकाळी येतात. शिवाय माणसं २७, सगळी ऑरावाली, आणि बहुतेकांचा मायग्रेन ऑराविना असतो. त्यामुळे 'ट्रिगर वगैरे काही नसतं' असा निष्कर्ष यातून काढू नका.

"कशाने दुखतं?" असं विचारलंत तर उत्तर आठवणीतून येईल. त्यापेक्षा रोजची डायरी भरून घ्या, न दुखलेल्या दिवसांचीसुद्धा. लोकल त्या दिवशीही पकडलेली असते.

आणि मायग्रेन ठरवताना ट्रिगर मोजू नका. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, ऑराविना मायग्रेनसाठी, निकष लक्षणांचे आहेत: किमान पाच अटॅक, उपचार न केल्यास ४ ते ७२ तास दुखणं, एका बाजूला, ठणकणारं, मध्यम ते तीव्र, जिना चढल्यावर वाढणारं (यांपैकी दोन तरी), सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज दोन्ही असह्य. हे जुळलं तरी दुसरं कारण नाही ना, हे डॉक्टरच तपासणार. अचानक कधी नव्हे इतकं डोकं फुटणं, हातापायातली ताकद जाणं, असं कुणी सांगितलं तर फॉर्म बाजूला ठेवा, त्यांना लगेच हॉस्पिटलला पाठवा. एथिक्स कमिटीच्या अर्जात हे आधीच लिहून ठेवा.