खिडकीची चौकट आणि गुणपत्रिका

कळंबोलीच्या लोखंड बाजारात अँगल वजनावर विकला जातो. या भागातल्याच एका शाळेत मी विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक होतो. थर्माकोलचे ज्वालामुखी, पुठ्ठ्याच्या पवनचक्क्या आणि प्रत्येकाजवळ पाठ केलेली माहिती. नववीच्या मुलांना विचारले, २५ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड अँगलच्या एक मीटर तुकड्याचे वजन किती भरेल? 'काट्यावर टाकावा लागेल,' असे उत्तर आले. घनतेची व्याख्या मात्र सगळ्यांना पाठ होती. छेदाचे क्षेत्रफळ १४१ चौ. मि.मी., म्हणून मीटरचे आकारमान १४१ घन सें.मी.; त्याला ७.८५ ने गुणले की झाले, सुमारे १ किलो १०० ग्रॅम.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो नेमकी ही दरी बुजवण्यासाठी. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातला हा शास्त्रज्ञ पन्नाशी ओलांडल्यावर खेड्यात जाऊन राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करावे, शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य या चारही क्षेत्रांत करावे, आणि गावाला लागणारी वस्तू किंवा सेवा मोबदला घेऊन द्यावी, अशी ही पद्धत. शिकवायला गावातले कारागीरही चालतात.

यातला मोबदला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तीन फूट बाय चार फुटांची खिडकीची चौकट घ्या. बाजू बरोबर मोजल्या तरी ती तिरकी होऊ शकते. कर्ण पाच फूट भरला तरच काटकोन. पायथागोरस इथे फळ्यावरून खाली उतरतो. शिवाय एकेक कोपरा सलग जोडत गेले तर थंड होताना लोखंड आकसते आणि चौकट ओढली जाते. म्हणून आधी चारही कोपरे ठिपक्यापुरते जोडायचे, कर्ण पुन्हा मोजायचा, मग समोरासमोरचे कोपरे पक्के करायचे. वहीतल्या चुकीला लाल खूण मिळते. तिरकी चौकट गिऱ्हाईक परत आणते.

इथेच माझा आक्षेपही आहे. १९३७ च्या वर्धा योजनेत मुलांच्या सूतकताईतून शिक्षकाचा पगार निघावा अशी अपेक्षा होती. शाळेचा कारखाना होईल, अशी टीका तेव्हाच झाली. पाबळच्या पद्धतीत मोबदला कामाचा दर्जा जोखतो, संस्था चालवणे हा त्याचा हेतू नव्हे. पण ही सीमारेषा पातळ आहे. पहिल्या चौकटीत भूमिती आहे, पाचवीत हिशेब आणि सफाई आहे. चाळिसाव्या चौकटीत फक्त पैसे आहेत. शाळेला पैशांची चणचण असली की चाळिसावी ऑर्डर नाकारणे सोपे नसते. कुठे थांबायचे हे शिक्षकालाच ठरवावे लागते, आणि त्याला तसे अधिकार क्वचितच असतात.

उलट टोकाची शाळा तर आपण रोज पाहतो. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेल्या कार्यानुभवाचे पुढे बहुतेक ठिकाणी आकाशकंदील आणि शुभेच्छापत्रे झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना काम सुचवले आहे. दहा दिवसांत चौकट होईल, पण परत आलेली चौकट दुरुस्त करायला अकरावा दिवस लागतो.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. हे शिक्षण खेड्यातल्या गरीब मुलांचेच का? कलबागांच्या लेखी ते सर्वांसाठी होते. काम ही विज्ञान शिकण्याची रीत होती, नापासांची सोय नव्हे. (शाळा सुटलेल्यांसाठी आश्रमाचा वेगळा निवासी अभ्यासक्रमही आहे, आणि तोही गरजेचा आहे.) परंतु पालक सभेत 'व्यवसाय शिक्षण' म्हटले की डॉक्टर-इंजिनिअरांची मुले आपोआप वगळली जातात. त्या मुलांनाही वेल्डिंगचा मुखवटा घालायला दिला तर पालकांपैकी किती जण पुढच्या वर्षी शाळा बदलतील?

त्या प्रदर्शनात मी पहिला क्रमांक दिला तो एका मुलीच्या चुलीला. तिचा धूर नीट बाहेर जात नव्हता. तिने घरी दोनदा पाडून बांधली होती, आणि का पाडली ते तिला सांगता येत होते.